विंचवाचा उतारा सापडला. सातबारा नसलेल्याच्या मरणाचे काय?

दरवर्षी २० मार्चला आपली माणसे महाडला जातात. धर्माबादहूनही जातात. एस.टी.ने, जीप करून, रात्रभर प्रवास करून चवदार तळ्यावर पोहोचतात, ओंजळभर पाणी घेतात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात आणि परततात. मीही गेलो आहे. पण त्याच महाडात एक डॉक्टर गेली अनेक दशके विंचवाच्या विषाशी झुंज देत आहे आणि त्या झुंजीमुळे देशभरातल्या हजारो गोरगरिबांचे जीव वाचले आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी पहिल्या तीन वाऱ्यांत ठाऊक नव्हते. वकिलाने कबुली द्यायची नसते म्हणतात, पण ही देतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. माणूस मूळचा आपल्याच मराठवाड्याचा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा. १९५१ चा जन्म. घरची गरिबी. मिळेल ते काम करून शिकले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे 'बॅरिस्टरचं कार्टं'. आमच्या काळ्या कोटवाल्यांनी एवढ्या नावासाठी तरी ते वाचायला हरकत नाही.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या भेगांत, गवताच्या भाऱ्यांत, घराच्या कुडात लाल विंचू असतो. आकाराने लहान. आपल्याकडे काळ्या इंगळीची जास्त भीती, पण जीव घेतो तो हा लाल. त्या काळी बिरवाडीला विंचू चावलेले रुग्ण यायचे आणि मरायचे. लहान मुले, शेतमजूर, लाकूडफाटा वेचणाऱ्या बाया. रुग्णालयात पोहोचलेल्या गंभीर रुग्णांपैकीसुद्धा शंभरात तीस-चाळीस दगावत. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात यावर धड काहीच लिहिलेले नव्हते. का नव्हते? पुस्तके लंडन-अमेरिकेत लिहिली जात होती आणि तिथल्या प्राध्यापकाच्या पलंगाखाली लाल विंचू निघत नव्हता. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांतही हा रुग्ण पोहोचत नव्हता. तो वाटेतच संपत होता. ज्या रोगाने फक्त अनवाणी माणूस मरतो, त्या रोगावर ग्रंथ होत नाहीत.

बावस्करांनी काय केले? ते रुग्णाजवळ बसून राहिले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, मोठी यंत्रे नव्हती. रक्तदाब मोजण्याचे साधन, नाडीवरचे बोट, घड्याळ आणि वही, एवढेच. कोणत्या तासाला घाम फुटला, उलटी कधी झाली, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब कुठवर चढला, छातीत पाणी केव्हा भरले, हे त्यांनी टिपून ठेवले. एकामागून एक रुग्णाच्या नोंदी जमल्या तेव्हा एक क्रम दिसू लागला. विंचवाचे विष मज्जातंतूंना असे काही चेतवते, की शरीर स्वतःच्याच आत ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते आणि माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडून मरतो. या लक्षणांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

दुखणे कळले, पण औषध कोणते? त्या वेळी डॉक्टर ॲट्रोपिन देत, झोपेची औषधे देत, स्टिरॉइड देत. रोगी मरतच होता. बावस्करांनी विचार केला की रक्तवाहिन्या आवळणारी जी कळ आहे, तीच बंद करणारे औषध हवे. ते बाजारात होतेच. प्राझोसिन! रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती वापरायला सुरुवात केली आणि १९८६ साली त्यावरचा निबंधही 'लॅन्सेट'ने छापला. शंभरात तीस-चाळीस मरत होते तिथे मरणाचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आणि पुढे त्याहूनही खाली आले. (ही गोळी घरी डब्यात ठेवून द्यायची नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. ते डॉक्टरचे काम आहे. वाचून कोणी नसता उद्योग करू नये म्हणून सांगतो.)

तरी ते थांबले नाहीत. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाचे प्रतिविष तयार केल्यावर, नुसती गोळी बरी की गोळी आणि प्रतिविष दोन्ही बरे, याची त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह रीतसर चाचणी घेतली. एका गटात ३५ रुग्ण, दुसऱ्यात ३५. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवरच्यांपैकी ८. हा निबंध २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ज्या गोळीने आपले नाव झाले, तिच्यापेक्षा चांगला उपाय आहे हे स्वतःच सिद्ध करून स्वतःच जाहीर करणे! आपल्या नेत्यांपैकी किती जणांना हे जमेल? २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषधशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे नव्हते, पण औषधशास्त्र म्हणजे जे काही असते ते त्यांनी खेड्यात बसून केले.

त्यांची जात कोणती, असा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, असे तो म्हणत बसला तर उत्तर मिळण्याआधीच मरेल. विष उतरवणाऱ्याबद्दलही तेवढेच लागू आहे. मात्र विष कोणाला चढते, हा प्रश्न जातीचाच आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

आता सापाकडे वळू. कारण आपल्या धर्माबाद, बिलोली, नायगाव, मुखेडच्या पट्ट्यात विंचवापेक्षा सापाचे मरण जास्त. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने दाखवले की २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मेली. त्यातली ९७ टक्के ग्रामीण भागातली आणि ७७ टक्के दवाखान्याबाहेर मेली. २०२० सालच्या पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांतला आकडा निघाला बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. सरकारी दप्तरात यातली फार थोडी मरणे पोहोचतात. जो दवाखान्यात मेला नाही, त्याची नोंद कोण घेणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला 'दुर्लक्षित' रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित हा शब्द फार सभ्य आहे. रोग दुर्लक्षित नसतो, माणसे दुर्लक्षित असतात.

साप कोणाला चावतो ते पाहा. पावसाळ्यात निंदणीला, खुरपणीला वाकलेल्या बाईच्या हाताला चावतो. सोयाबीनच्या काढणीत, कडब्याच्या गंजीत, उसाच्या फडात चावतो. मण्यार तर रात्री घरात येऊन भुईवर झोपलेल्याला चावते. तिचा दात इतका बारीक की दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, डोळ्यांच्या पापण्या जड होतात, श्वास बंद पडू लागतो आणि घरच्यांना वाटते अजीर्ण झाले. यावर उपाय काय? खाट आणि मच्छरदाणी. साधी खाट! आपल्या वाडवडिलांना गावात खाटेवर बसलेले चालत नव्हते, हा इतिहास मी या वाचकांना सांगायला नको. आजही वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या कोपीतल्या माणसाच्या नशिबी भुईच आहे. नशिबी म्हटले खरे, शब्द चुकला. वाट्याला आहे.

उपचार मात्र आहे, आणि तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९५ च्या सुमारास फ्रान्सच्या काल्मेत यांनी सर्पविषावर प्रतिविष बनवले. पद्धत आजही तीच. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस टोचायचे, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार झाली की ती वेगळी काढून बाटलीत भरायची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे एकच इंजेक्शन भारतात मिळते. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली ही संस्था स्थापन झाली. ज्यांना जंगलाबाहेर हुसकावले, शिकार बंद झाल्यावर ज्यांचे पोट मारले गेले, त्या इरुलांच्या हातातले ज्ञान आज देशभर इंजेक्शनच्या बाटलीत आहे. त्यांच्यापैकी वडिवेल गोपाल आणि मासी सदय्यन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अडचण एकच. विष दक्षिणेकडचे आणि साप देशभरचे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे काही भागांत हे इंजेक्शन कमी लागू पडते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे संशोधन संपलेले नाही.

आमच्याच जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करण्यात आयुष्य घातले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशावर उपचारांच्या दहा वर्षांच्या अनुभवाचा त्यांचा निबंध २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त छापला गेला. मुखेड! जिथे जायला आजही रस्त्याची रड आहे, तिथला निबंध देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात. तालुक्याच्या गावात काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

काही वाचक म्हणतील, वकीलसाहेब, आपल्या झाडपाल्यात सगळे होते, इंग्रजी औषधाची गरज काय? झाडपाल्याला मी हसत नाही. जीवकाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला औषध नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. पण वनस्पतीत गुण आहे असे म्हणणे आणि कोणता गुण आहे हे तपासणे यात फरक आहे. सर्पगंधेचे उदाहरण घ्या. नावात साप, म्हणून सापावर तिची मुळी उगाळून पाजायची रीत. सापाच्या विषावर ती चालत नाही. पण १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर तपासली आणि १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची चाचणी घेऊन निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, तेव्हा जगाला कळले की ही मुळी रक्तदाब उतरवते. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुळीतला गुण खरा होता, पण तो ज्या कामासाठी सांगितला जात होता त्या कामाचा नव्हता. तपासले नसते तर आपण आजही सापाचा माणूस तिच्यावर मारत राहिलो असतो.

उलटही घडते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फरेरा या तिथल्या औषधशास्त्रज्ञाने १९६५ साली त्याच्या विषातला एक घटक शोधला आणि त्यावरच्या पुढच्या कामातून कॅप्टोप्रिल हे औषध तयार होऊन १९८१ साली बाजारात आले. आज आपल्या वडीलधाऱ्यांना रक्तदाबाच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या एका मोठ्या कुळाचा मूळपुरुष तो साप आहे. विष आणि औषध यांच्यातली भिंत मंत्राने नाही, मोजमापाने ओलांडता येते.

आणि आपल्याकडे? साप चावला की मारुतीच्या देवळात न्यायचे. लिंबाचा पाला चावायला द्यायचा, नाहीतर आमच्या धर्माबादची तिखट मिरची. कडू-तिखट लागले नाही तर विष चढले म्हणायचे. पाय करकचून बांधायचा, ब्लेडने कापायचे. यात दोन-तीन तास जातात आणि तेच दोन-तीन तास जीव वाचवण्याचे असतात. बहुतेक साप बिनविषारी, म्हणून दहातले सात-आठ जण मंत्राशिवायही वाचणारच असतात. त्यांच्या जिवावर मांत्रिकाचे नाव होते. मेला तो देवाने नेला. असा धंदा कोणत्या वकिलाला नको आहे? जिंकलो तर माझी कर्तबगारी, हरलो तर अशिलाचे प्रारब्ध!

यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने केला, त्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिले आहे की कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद, अदखलपात्र नव्हे तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलमाचा शब्द नीट वाचा: 'रोखून'. मंत्र म्हणणारा गुन्हेगार नाही, दवाखान्यात जाऊ न देणारा आहे. पण इथे माझी अडचण होते. ज्या गावापासून जवळच्या दवाखान्यात इंजेक्शनच नाही, त्या गावातल्या मांत्रिकाविरुद्ध मी फिर्याद द्यायची आणि इंजेक्शन न ठेवणाऱ्याविरुद्ध काय?

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक बाई माझ्याकडे आली. नवरा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. दुपारी घोणस चावली. आधी देऊळ, मग मोटारसायकलवर मधे बसवून एका दवाखान्यात. तिथे सांगितले, इंजेक्शन संपले, नांदेडला न्या. धर्माबादपासून नांदेड सत्तर किलोमीटरच्या पुढे. जीप मिळेपर्यंत लघवीतून रक्त येऊ लागले होते. तो वाटेतच गेला. तेराव्याला कोणीतरी सांगितले म्हणून ती मदतीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. बाबूने विचारले, सातबारा कुठाय?

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. सर्पदंश आणि विंचूदंश हे दोन्ही त्यात अपघात मानले आहेत, मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. चांगली योजना आहे, माझा तिला विरोध नाही. पण ती आहे सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी. म्हणजे एकाच शेतात, एकाच तासावर, एकाच सापाने मालकाला चावले तर तो अपघात आणि मजुराला चावले तर ते काहीच नाही. सापाला सातबारा वाचता येत नाही, सरकारला तेवढाच वाचता येतो. आणि ज्यांनी गायराने कसली त्यांचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत आपली माणसे तुरुंगात गेली. त्यांची मुले-नातवंडे आज पन्नास-पन्नास वर्षे त्या जमिनी कसत आहेत आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव आहे महाराष्ट्र शासनाचे. तिथे साप चावला तर वारस कोण, शासन?

हा दयेचा विषय नाही. पश्चिम बंगालमधल्या एका खेतमजूर संघटनेचा सदस्य हाकिम शेख १९९२ साली रेल्वेतून पडला, कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की तातडीचा उपचार सरकारी दवाखान्यात न मिळणे हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. भरपाई दिली २५ हजार. हा निकाल भूमिहीन मजुराच्या बाजूने, मजुरांच्या संघटनेने लढून मिळवलेला आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळवले. कागद चांगले आहेत. ते बाभळी बंधाऱ्याच्या काठावरच्या गावापर्यंत कोण आणणार?

इथे चळवळीलाही दोन शब्द. १४ एप्रिलला आमच्या एकेका गावात ढोल-डीजेवर जो पैसा उडतो, त्यात त्या वस्तीतल्या सगळ्या भुईवर झोपणाऱ्या घरांना मच्छरदाण्या येतील. हे बोलले की तरुण रागावतात. रागवा. पण जयंतीच्या वर्गणीची वही आणि आरोग्य केंद्रातल्या इंजेक्शनच्या साठ्याची वही, या दोन्ही तपासायची सवय लागली पाहिजे. बिरवाडीच्या डॉक्टरने वहीत नोंदी केल्या म्हणून औषध सापडले. आपण निदान ते औषध कपाटात आहे की नाही याची नोंद करू शकत नाही?

मी त्या बाईचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या एका मित्राकडे दिले आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान माहिती अधिकाराच्या अर्जाचा एक मसुदा मी केला आहे. १ जून रोजी या आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या किती बाटल्या होत्या आणि त्यांची मुदत कधी संपते. प्राझोसिनच्या गोळ्या किती. रात्री ड्यूटीवर असणाऱ्यांपैकी किती जणांना सर्पदंशाच्या उपचाराचे प्रशिक्षण मिळाले आहे. मागच्या तीन वर्षांत किती रुग्ण पुढे पाठवले आणि त्यातले किती वाचले, एवढेच प्रश्न आहेत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. ज्याला आपल्या गावच्या केंद्रात हा अर्ज द्यायचा असेल, त्याने धर्माबाद कोर्टाच्या आवारात दुपारी दोननंतर यावे आणि मसुदा घेऊन जावा. झेरॉक्सचे पैसे मी घेणार नाही.